मदत हवी आहे : डोंग्याच्या फळ्या उन्हाने उकलल्या, फटी कशाने भरू?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे सहा मित्र वैनगंगेवर चालायचा तसा लाकडी डोंगा (नदीतली होडी) बांधतोय. कुही तालुक्यात आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे. २०२४ मध्ये तिथे केबलचा पूल सुरू झाला. पूल हवाच होता, पण डोंगा बांधायची ढिवरांची (मासेमारी करणाऱ्या समाजाची) विद्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपू नये, म्हणून हा खटाटोप. एक ढिवर काका सावलीत बसून शिकवतात. त्यांची नजर अधू झालीय, त्यामुळे हातोडा आमच्या हाती.

लांबी १६ फूट, तळ सपाट, सागाच्या १ इंची फळ्या. लाकूड वनविभागाच्या डेपोतलं, वाहतूक परवान्यासह आणलेलं. फळ्या श्रावणात बसवल्या, तेव्हा सांधे इतके घट्ट होते की कागद जात नव्हता. आमची चूक ही की डोंगा हिवाळाभर कोरडाच राहिला. एप्रिलच्या उन्हात लाकूड आकसलं आणि तळाला दोन ठिकाणी ४ मिमीच्या फटी पडल्या. बघून पोटात कालवलं.

ओळखीचे सुतार म्हणतात, एपॉक्सी भरून टाका. मला ते पटत नाही. पाण्यात गेल्यावर फळी फुगणार, भरलेलं कडक, ते दबणार नाही. मग फळी खिळ्यांतून उचकटली तर? काकांचं म्हणणं एकच : "उन्हात कायले ठेवता रे पोट्टेहो, पाण्यात बुडवून ठेवा." पण आमच्याकडे १६ फुटी डोंगा बुडवायला जागा नाही. सध्या आत ओली पोती पसरून दिवसातून तीनदा पाणी मारतो. फटी थोड्या मिटल्यात, पूर्ण नाही.

कोकणातल्या होडीवाल्यांना विशेष विनंती. आधी आठ-दहा दिवस भिजवून उरलेल्या फटीतच कापूस ठासायचा, की कोरड्या फटीतच? कापूस राळ-तेलात भिजवून घ्यावा का? वरून डांबर नुसतं लावलं तर आमच्या ४५ अंशांत वितळून ओघळतं, त्यात काय मिसळतात?

काथ्याने फळ्या शिवायचा सल्लाही मिळालाय. नौदलाचं कौंडिण्य जहाज तसंच शिवलेलं आहे, २०२५ मध्ये कारवारला दाखल झालं. बघून मन हरखतं. पण काकांचा डोंगा खिळ्यांचा, तो तसाच राहावा असं वाटतं.

भंडारा, पवनीकडे कुणाच्या घरी जुना डोंगा पडून असेल, तर त्याच्या सांध्यांचे जवळून काढलेले फोटो नक्की टाका. मृगाच्या आधी हे काम उरकायचं आहे.