३ फेब्रुवारीला दोन संत, सूचना कोणाच्या नावाने?

ए-१०४: ताई, चर्चच्या दिनदर्शिकेत ३ तारखेला संत ब्लेझ आणि संत अन्स्गार दोघंही आहेत. फलकावर काय लिहू?

बी-३०२: एका मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) एकाचाच स्मरणदिन धरतात, दोघांच्या प्रार्थना एकत्र करत नाहीत. दोन्ही ऐच्छिक, निवड फादरांची. ब्लेझ हुतात्मे, म्हणून फादरांची वस्त्रं लाल. अन्स्गार धरले तर पांढरी. आधी फादरांना विचारा, मगच लिहा.

ए-१०४: एकाच दिवशी दोघं कसे?

सी-२०१: संतांचा सण बहुधा मृत्युदिनी असतो. अन्स्गार ब्रेमेनला ३ फेब्रुवारी ८६५ रोजी वारले. ब्लेझ त्यांच्या साडेपाचशे वर्षं आधीचे, सेबास्तेचे बिशप (आजचं तुर्कस्तानातलं सिवास). सुमारे ३१६ साली त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांची तारीख परंपरेने ठरलेली, ग्रीक चर्चमध्ये तर ११ फेब्रुवारी धरतात.

बी-३०२: ब्लेझ यांच्या नावाने मेणबत्त्या गळ्याशी धरून देतात त्या घशाच्या आशीर्वादाला आपल्याकडे गर्दी होते, म्हणून सांगते. २ तारखेला आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या घ्यायच्या आणि लाल फितीने फुलीसारख्या बांधायच्या. गाठ सैल हवी, कात्रीसारखं उघडता आलं पाहिजे. घट्ट बांधली की जाड मानेला बसत नाही आणि हनुवटीवर आपटते. पेटवायच्या मुळीच नाहीत, मेण ठिबकतं आणि केसांना धोका. रांग लांबली तर फादर मेणबत्त्यांशिवाय सगळ्यांवर हात पसरून प्रार्थना म्हणू शकतात. दीक्षित नसलेल्या सेवकाने म्हटली तर त्याने क्रूसाची खूण करायची नाही, ही चूक नेहमी होते.

ए-१०४: घसाच का?

सी-२०१: माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवलं, अशी कथा आहे. चरित्र फार उशिरा लिहिलेलं, त्यामुळे इतिहास म्हणून जपूनच घ्यावं. पण सहाव्या शतकातला अमिदाचा वैद्य एटियस घशात काही अडकलं तर ब्लेझ यांचं नाव घ्यायला सांगतो, म्हणजे श्रद्धा जुनीच. चित्रात हातात लोखंडी फणी दिसेल. ती लोकर विंचरायची, तिने त्यांचा छळ झाला. मुलांना ब्रश वाटतो, सांगा त्यांना.

डी-४०३: अन्स्गारांना मात्र दरवर्षी कोणी विचारत नाही, आणि वाईट वाटतं. त्यांच्याबद्दल तर आपल्याला कितीतरी नक्की माहिती आहे, त्यांचेच शिष्य रिम्बर्ट यांनी चरित्र लिहून ठेवलंय. फ्रान्समधल्या कॉर्बी मठाचे भिक्षू, ८२६ साली डेन्मार्कला गेले, नंतर स्वीडनच्या बिर्का गावी. हॅम्बर्गचे आर्चबिशप झाले. ८४५ साली व्हायकिंगांनी हॅम्बर्ग लुटून जाळलं, चर्च आणि ग्रंथ गेले. तरी पुन्हा उत्तरेकडेच वळले. ताई, मिस्सेतल्या विश्वासू लोकांच्या प्रार्थनांत एक त्यांच्या नावाने घालता येईल का?

बी-३०२: येईल काका, मिस्सा ब्लेझ यांची असली तरी. दोन ओळींत लिहून द्या, उद्या फादरांना दाखवते.

ए-१०४: तोवर फलकावर एवढंच लिहितो: "३ फेब्रुवारी, मिस्सेनंतर घशाचा आशीर्वाद. मेणबत्त्या पेटवू नयेत." संताचं नाव फादरांनी सांगितलं की घालतो.