'सबस्टन्स' ऐकून न्यू ऑर्डरचा अधःपात कसा काय सिद्ध होतो?

तिसरी तार
न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडच्या 'सबस्टन्स' (1987) या सिंगल्सच्या (सुट्या निघालेल्या गाण्यांच्या) संग्रहाबद्दल 'रात्रपाळी' यांनी काल असे लिहिले की, 'सेरेमनी'पासून 'ट्रू फेथ'पर्यंतची बारा गाणी ओळीने ऐकली, की जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस वारल्यावर मागे उरलेल्यांनी (तेच पुढे न्यू ऑर्डर झाले) गिटार टप्प्याटप्प्याने खुंटीला कशी टांगली आणि बँड नाचणाऱ्यांच्या दावणीला कसा बांधला गेला, हे आपोआप कळते. विधान ठसकेबाज आहे, पण ज्या पुराव्यावर ते उभे आहे तोच मागाहून दुरुस्त केलेला आहे. संग्रहात तिसरे असलेले 'टेम्प्टेशन' 1982 चे नाही आणि पाचवे 'कन्फ्युजन' 1983 चे नाही. दोन्ही गाणी 1987 मध्ये पुन्हा वाजवून घेतली आहेत. उलट दुसरेच गाणे, 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन', 1981 चे आणि जॉय डिव्हिजनच्याच निर्मात्याच्या, मार्टिन हॅनेटच्या, हातचे असूनही त्यात सिक्वेन्सर (भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारे यंत्र) अखंड धडधडतो. मग टप्पे कोणते? गिटारच ऐकायची असेल तर 1986 च्या 'ब्रदरहुड'ची पहिली बाजू लावावी. ती गाणी सिंगल्स म्हणून निघालीच नाहीत, तर ती या संग्रहात येणार कुठून?

रात्रपाळी
आपल्याला तारखा पाठ आहेत, याबद्दल अभिनंदन. मी कानांविषयी लिहिले होते. 'सेरेमनी'त बँडमधल्या पीटर हूकचा बेस (खालच्या सुरांची गिटार) वरच्या पट्टीत गातो आणि बाकीचे त्याच्यामागून चालतात. 'ट्रू फेथ'मध्ये निर्माता स्टीफन हेगने सगळे इतके कडक इस्त्रीचे करून ठेवले आहे, की तोच बेस पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला वाटतो. 'सबकल्चर' तर रिमिक्ससाठी जॉन रॉबीच्या हाती दिल्यावर मूळ गाणे ओळखू येऊ नये, इतके बदलले. याला मी ऱ्हास म्हणतो आणि उद्याही म्हणेन.

कॅसेटवाला
मूळ वाद बाजूला ठेवून सांगतो, खरा अपराध 'टेम्प्टेशन'चा आहे. पुण्यात होस्टेलवर कुणाच्या तरी भावाने भरून दिलेल्या कॅसेटवर मी 1987 चे रूप आधी ऐकले आणि कित्येक वर्षे तेच खरे मानले. पुढे मूळ 12 इंची रेकॉर्ड ऐकली, तेव्हा गायक बर्नार्ड सम्नरचा कापरा आवाज आणि ड्रम्सची ती अनघड घाई ऐकून आपल्याला फसवले गेल्याची चीड आली. सिंगल्सचा संग्रह म्हणायचे आणि मूळ सिंगलच द्यायची नाही, हा कोणता न्याय? 2023 मध्ये संग्रह पुन्हा काढला, तेव्हाही मूळ यादीत 1987 चेच 'टेम्प्टेशन' ठेवले.

माहीमकर
फसवणूक कसली? पाच वर्षे मंचावर वाजवताना ते गाणे जसे घडत गेले, तसे त्यांनी ते 1987 मध्ये नोंदवले. तक्रार करायचीच असेल तर सीडीची करा. त्यांच्या फॅक्टरी या रेकॉर्ड कंपनीच्या टोनी विल्सनला आपल्या जॅग्वारमधल्या सीडी प्लेअरवर सगळ्या सिंगल्स ऐकायच्या होत्या, म्हणून हा संग्रह निघाला असे सांगतात. आणि त्याच सीडीवर जागा पुरेना म्हणून 'द परफेक्ट किस'चा शेवट छाटला! त्याबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्यापैकी कुणी चकार शब्द काढलेला नाही.

कॅसेटवाला
छाटलेले गाणे निदान तेच गाणे असते. 1987 चे 'टेम्प्टेशन' हे निराळे गाणे आहे, आणि ज्याला हा फरक ऐकू येत नाही त्याने सीडीच्या मिनिटांचा हिशेब करत बसावे.

माहीमकर
कानांची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मी मूळ 'टेम्प्टेशन' आपल्याइतकेच ऐकले आहे आणि ते मला कच्चे वाटते. हे मत आहे, गुन्हा नव्हे.

तिसरी तार
दोघांनीही जरा दमाने घ्यावे, कारण या भांडणातून माझाच मुद्दा पक्का होतो आहे. मूळ 'टेम्प्टेशन' जागेवर ठेवले असते, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत बँड चाचपडताना ऐकू आला असता. 1987 च्या रूपामुळे सगळा प्रवास आधीच ठरलेला वाटतो. आता यंत्रांविषयी. 'ब्लू मंडे'तली सिंथची धून ठेक्यापासून किंचित सरकलेली आहे, कारण सिक्वेन्सरमध्ये सूर भरताना बँडमधल्या जिलियन गिल्बर्टकडून एक सूर राहून गेला, असे तिनेच सांगितले आहे. त्यांनी ती चूक तशीच ठेवली. इस्त्री करणाऱ्यांचे हे लक्षण आहे काय? आणि दावणीचे म्हणाल, तर मँचेस्टरच्या ज्या 'हासिएंडा' क्लबात लोक नाचत होते, त्यात बँडचाच पैसा अडकला होता. ती दावण त्यांनी स्वतःच विकत घेतली होती.

रात्रपाळी
ठीक आहे. 'सबस्टन्स'चा क्रम पुरावा म्हणून वापरणार नाही, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. यापुढे मूळ 12 इंची रेकॉर्डी एकेक करून ऐकेन आणि त्यावरूनच ऱ्हास सिद्ध करेन. 'ब्लू मंडे' मला तेव्हाही आवडत होते. फक्त त्या चुकलेल्या सुराचे श्रेय आपण बँडच्या धोरणाला देऊ नये. चूक ऐकायला बरी वाटली म्हणून राहिली, इतकेच. आणि 'ट्रू फेथ'मध्ये हूक कुठे आहे, याचे उत्तर अजून कुणीही दिलेले नाही.