कोळ्याची नवजात पिल्ले काय खातात?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
उन्हाळा लागला म्हणून कूलर धुवायला काढला, तेव्हा मागच्या कोपऱ्यात केसासारख्या लांब पायांची कोळीण उलटी लटकलेली दिसली. तिच्या तोंडात खसखशीएवढ्या अंड्यांचा गोळा होता. ती स्वतःचीच अंडी खात असावी, असे मला वाटले. परवा मात्र त्यातून पिल्ले निघाली आणि तेव्हापासून ती काहीही न खाता जाळ्यात दाटीने लटकून आहेत. आई त्यांना भरवते का? साखरपाणी ठेवू का? घरचे झाडू घेऊन तयार आहेत, पण माझे मन धजत नाही.

उत्तर १
या जातीची मादी अंडी जबड्यात धरूनच सांभाळते. ती खात नव्हती. पिल्लांच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो आणि पहिले काही दिवस ती याच शिदोरीवर काढतात. पुढे कात टाकली, की न शिकवता जाळे विणून चिलटांसारखे बारीक कीटक धरतात. कोळ्याला घास चावून गिळता येत नाही; तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो, म्हणूनच जाळ्याखाली डासांची रिकामी टरफले सापडतात. साखरपाणी ठेवू नका, मुंग्या येतील.

उत्तर २ (काटोल)
आमच्या संत्र्याच्या बागेत जमिनीवर धावणारे लांडगा कोळी आहेत. त्यांची मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते, नंतर पिल्ले तिच्या पाठीवर चढून बसतात. तीही त्यांना भरवत नाही. त्यांचा निभाव बलकावरच लागतो.

उत्तर ३
भरवणाऱ्या आयाही आहेत. आपल्या देशात झुडपांवर आणि कुंपणांवर कळपाने राहणाऱ्या स्टेगोडिफस सारासिनोरम या कोळ्याची मादी पोटातले द्रवरूप अन्न बाहेर काढून पिल्लांना देते आणि शेवटी पिल्ले तिलाच शोषून संपवतात. मला हे वाचून फार वेळ काही सुचले नव्हते. टॉक्सियस मॅग्नस या उडी मारणाऱ्या कोळ्याची मादी तर दुधासारखा द्रव पाजते, असे २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले. त्यात गाईच्या दुधाच्या जवळपास चौपट प्रथिने असतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. कूलर दुसऱ्या खिडकीला लावला आहे. आज सकाळी जाळ्यात पांढरट, पोकळ, पायांसकट जशाच्या तशा चिमुकल्या काती लोंबत होत्या, आणि एक पिल्लू वीतभर लांब जाऊन स्वतःचा धागा ओढत होते.