मुलाला वाचवताना हल्लेखोर मेला तर कायदा आईवडिलांच्या पाठीशी कुठवर उभा राहतो?

सिंहगडरोडकर

आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या याच विषयावरून वाद पेटलाय. निम्मे म्हणतात, पोटच्या पोरासाठी बापानं कुणाला मारलं तर कोर्ट त्याला हातही लावणार नाही. बाकीचे म्हणतात, माणूस मेला म्हणजे ३०२, विषय संपला. दोन्ही बाजू अर्धवट माहितीवर बोलताहेत असं वाटतं, म्हणून तीन प्रसंग मांडतो.

एक: रात्री दोन वाजता कोयता घेतलेला माणूस घरात शिरला आणि मुलांच्या खोलीकडे वळला. दोन: गेटबाहेर दोघं जण मुलीला ओढून गाडीत कोंबताहेत, बापानं हाताला लागला तो पाना एकाच्या डोक्यात घातला. तीन: क्लासच्या शिक्षकानं मुलाशी केलेला घाणेरडा प्रकार संध्याकाळी कळला आणि बाप तडक त्याच्या घरी गेला.

तिन्ही ठिकाणी समोरचा मेला. काय होईल? जाणकारांनी कलमांसकट सांगावं.

फौजदारी_शिवाजीनगर

३०२ आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ आहेत. मजकूर जवळपास तोच असल्यामुळे जुने निकाल आजही उपयोगी पडतात.

आईवडिलांना म्हणून वेगळा हक्क कायद्यात नाही. कलम ३५ नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करता येतं. मुलीला ओढून नेताना वॉचमन किंवा रिक्षावाला मध्ये पडला तर त्यालाही तेवढाच हक्क आहे. आणि हल्लेखोर वेडसर असला, त्यामुळे त्याच्यावर गुन्हा शाबीत होणार नसला, तरी कलम ३६ प्रमाणे तुमचा हक्क कमी होत नाही.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो कलम ३८ मधल्या सात प्रकारच्या हल्ल्यांतच: मृत्यूची रास्त भीती, गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराचा इरादा, अनैसर्गिक वासनेचा इरादा, पळवून नेण्याचा इरादा, पोलिसांची मदत मागताच येणार नाही अशा रीतीने कोंडणं, आणि ॲसिड फेकणं (हे २०१३ च्या दुरुस्तीनं आलं). गंभीर दुखापत कशाला म्हणायचं ते कलम ११६ सांगतं: हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. मैदानावर कुणी तुमच्या मुलाच्या थोबाडीत मारली तर तुम्ही त्याला अडवू शकता, ढकलू शकता, गरज पडली तर मारूही शकता. पण जीव घेण्याची मुभा तिथं नाही.

या हक्काला दोन लगाम आहेत, दोन्ही कलम ३७ मध्ये. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कलम ४० वेळेचं आहे: धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू, ती भीती संपली की हक्कही संपला. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि ग्रुपवरच्या वादात तीच कुणी वाचलेली नसते.

पहिला प्रसंग बचावासाठी सगळ्यात भक्कम. कोयता आहे, मुलांची खोली आहे, शिवाय सूर्यास्तानंतरच्या घरफोडीसाठी मालमत्तेच्या बचावाचं कलम ४१ वेगळं लागू होतं. त्यानं वार करेपर्यंत थांबायचं बंधन नाही. पण तोच माणूस घाबरून जिन्यानं खाली पळत सुटला आणि तुम्ही पार्किंगमध्ये गाठून त्याच्या डोक्यात घातलंत, तर तो बचाव राहिला नाही. जयदेव विरुद्ध पंजाब (१९६३) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पळणाऱ्यांवर केलेला गोळीबार स्वसंरक्षणात बसवायला नकार दिला होता.

दुसऱ्या प्रसंगात विश्वनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश हा १९५९ चा निकाल वाचा (१९६० च्या एआयआर, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निकालसंग्रहात आहे). माहेरी राहणाऱ्या बायकोला नवरा जबरदस्तीनं ओढून नेत होता. तिच्या भावानं चाकूचा एकच वार केला, तो हृदयात गेला आणि नवरा मेला. सर्वोच्च न्यायालयानं भावाला निर्दोष सोडलं. पळवून नेण्यासाठी केलेला हल्ला एवढंच पुरेसं ठरलं. तुमच्या प्रसंगात मुलगी गाडीत कोंबली जात असताना पाना चालला तर बाप याच वाटेनं जाईल. माणूस खाली पडल्यावर आणि मुलगी सुटल्यावर मारलेले पुढचे फटके मात्र वेगळे मोजले जातील.

तिसरा प्रसंग स्वसंरक्षण नाहीच. मूल घरी आहे, धोका त्या क्षणी समोर नाही, पोलीस ठाणं उघडं आहे. फार तर 'गंभीर व अचानक प्रक्षोभ' हा कलम १०१ चा पहिला अपवाद मागता येईल, आणि तिथं नानावटी खटला आडवा येतो. मुंबईतल्या त्या खटल्यात नौदल अधिकाऱ्यानं बायकोकडून तिच्या संबंधांची कबुली ऐकणं आणि तिच्या प्रियकरावर गोळी झाडणं यात सुमारे तीन तास गेले होते. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये धरलं आणि जन्मठेप कायम केली.

भाऊ_कर्वेनगर

कायदा कळला, पण 'गरजेपेक्षा जास्त' हे कोण मोजणार? अंधारात, पोरगं किंचाळत असताना, बाप तराजू घेऊन बसणार आहे का? दोन वर्षांनी एसी कोर्टात बसून 'दुसरा फटका नको होता' म्हणणं सोपं आहे. बापावर असा हिशेब लादणंच मला अन्यायाचं वाटतं.

फौजदारी_शिवाजीनगर

भाऊ, तुमचा हा आक्षेप न्यायालयांनी फार पूर्वीच मान्य केलाय. बचाव करणाऱ्यानं प्रत्येक पायरीला सोन्याच्या काट्यावर तोलून बळ वापरावं अशी अपेक्षा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलंय. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब (२०१०) पाहा. तिथं बापावर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या हत्याराचा) वार झाला म्हणून मुलानं परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. न्यायालयानं त्याला सोडलं आणि या विषयातली दहा तत्त्वं एकत्र लिहून ठेवली. धोका खरोखर होता का यापेक्षा त्या जागी उभ्या असलेल्या शहाण्या माणसाला तो वाटला असता का, हे पाहायचं.

बापाचीच केस हवी असेल तर यशवंतराव विरुद्ध मध्य प्रदेश (१९९२). अल्पवयीन मुलीवर घराच्या मागच्या बाजूला अतिप्रसंग होताना बापानं पाहिलं आणि फावडं घातलं. माणूस मेला. मुलीची संमती होती असं म्हणून उपयोग नव्हता, कारण तिचं वयच संमतीचं नव्हतं. बापाचा बचावाचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला. हा बाप आणि तिसऱ्या प्रसंगातला बाप, दोघांची चीड सारखीच. पण पहिल्यानं चालू असलेला अत्याचार थांबवला, दुसरा झालेल्याचा सूड घ्यायला गेला.

मोजमाप थोडं चुकलं म्हणजे लगेच खून, असंही नाही. सद्भावनेनं, आधी बेत न आखता आणि गरजेपेक्षा जास्त इजेचा हेतू न ठेवता मर्यादा ओलांडली गेली, तर कलम १०१ चा दुसरा अपवाद लागतो. मग तो सदोष मनुष्यवध, शिक्षा कलम १०५ खाली. तीही हलकी नाही: मारण्याचा हेतू दिसला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं.

पुराव्याचा भार नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर येतो. पण सरकार पक्षासारखं 'निःसंशय' सिद्ध करावं लागत नाही, आपली हकीकत जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं की पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातूनही दाखवता येतं.

ठाणे_अंमलदार

तपासाच्या बाजूनं लिहितो, कारण चांगली केस पहिल्या तासात बिघडते.

आधी ११२ (पोलीस) आणि १०८ (ॲम्ब्युलन्स). मुलासाठी आणि पडलेल्या माणसासाठीही. ११२ च्या कॉलची वेळ नोंदली जाते, पुढं तोच तुमचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार ठरतो. जखमी हल्लेखोरासाठी ॲम्ब्युलन्स बोलावणारा माणूस सूड घ्यायला गेला होता असं म्हणणं सरकार पक्षाला जड जातं. हत्यार उचलू नका, फरशी पुसू नका, कपडे बदलून धुवायला टाकू नका. घाबरून केलेली साफसफाई पुरावा नष्ट करण्यात मोडते.

गुन्हा बहुतेक वेळा खुनाचाच नोंदला जातो, अटकही होते. त्यानं खचून जाऊ नका. स्वसंरक्षण होतं की नाही हे ठरवणं शेवटी कोर्टाचं काम. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं, अटकेची कारणं सांगावी लागतात, नातेवाइकांना कळवावं लागतं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. तरीही खोटं बोलू नका. 'मी तिथं नव्हतोच' असा जबाब आणि नंतर 'मुलाला वाचवत होतो' असा बचाव, हे एकत्र टिकत नाही. 'मुलावर हल्ला झाला, मी अडवलं, सविस्तर वकिलांसमोर सांगतो' एवढं बोलून थांबता येतं.

सोसायटीचा सीसीटीव्ही काही दिवसांत स्वतःच स्वतःवर लिहीत जातो. चेअरमनला त्याच दिवशी लेखी पत्र द्या, पोच घ्या, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) काढून ठेवायला सांगा. मोबाइलवर स्क्रीनचा घेतलेला व्हिडिओ पुरत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात आता हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा सांकेतिक क्रमांक) नोंदवायची असते.

उशीखाली कोयता ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. घरकामाची, शेतीची हत्यारं सोडून ९ इंचांपेक्षा लांब पात्याचं शस्त्र बाळगलंत तर शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा लागतो, आणि 'आधीच तयारीत होता' हा मुद्दा सरकार पक्षाला आयता मिळतो. चांगलं कुलूप, सेफ्टी डोअर आणि मोठ्यानं ओरडणं यांनी जास्त पोरं वाचतात.

न्यायवैद्यक_विभाग

शवविच्छेदनात काय पाहिलं जातं ते थोडक्यात. जखमा पुढं आहेत की पाठीवर. मृताच्या पंजांवर, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला अडवल्याच्या जखमा आहेत का. असतील तर तो स्वतःला वाचवत होता असा अर्थ निघू शकतो. डोक्यावर एकाच जागी, एकाच दिशेनं पाठोपाठ फटके असतील तर माणूस हलत नव्हता, म्हणजे बहुधा पडलेला होता. जखमांची संख्या हे एकटं काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून आईवडिलांच्या आणि मुलाच्या अंगावरच्या जखमांची नोंद तितकीच मोलाची. अटक झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत प्रत्येक ओरखडा लांबी-रुंदी-जागेसह लिहून घ्यायचा आग्रह धरा. खोल मुकामार त्याच दिवशी दिसत नाही, एकदोन दिवसांनी काळानिळा वर येतो, तेव्हा पुन्हा तपासणी मागा. आरोपीच्या अंगावर जखमा आहेत आणि सरकार पक्ष त्यांचा खुलासा करत नाही, ही त्रुटी लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार (१९७६) पासून गंभीर मानली जाते. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत; प्लास्टिकमध्ये कुजतात.

मृणाल_वारजे

तिसऱ्या प्रसंगावर फक्त शिक्षेचं बोललं गेलं, मुलाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. बाप तुरुंगात गेला की त्या मुलाला वाटतं, 'मी सांगितलं म्हणून बाबा गेले.' शिवाय शिक्षक मेला की त्याच्यावरचा खटलाच उरत नाही. त्यानं आणखी कुणाकुणाला त्रास दिला, हेही मग सहसा बाहेर येत नाही.

त्या संध्याकाळी हातात असतं ते असं. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार, हद्द नसली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवावाच लागतो. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेशाशिवाय. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं कुणी सोबत बसतं. क्लासचालकाला माहीत असून त्यानं कळवलं नाही तर त्यालाही कलम २१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय तपासणीआधी मुलाला आंघोळ घालू नका.

आणि मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, शब्द सुचवू नका. 'मग काय झालं?' एवढंच. पढवल्याचा वास आला की खरी साक्षसुद्धा उलटतपासात फुटते. पहिल्या दोन प्रसंगांनाही हे लागू आहे, कारण तिथं बापाच्या बचावाचा मुख्य साक्षीदार बहुधा मूलच असतं.

ओतूरकर

जुन्नर-शिरूरकडच्यांसाठी जोडतो. मुलावर बिबट्या आला आणि तो मेला, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ११(२) आहे: स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना सद्भावनेनं मारणं गुन्हा नाही. पण मेलेला बिबट्या सरकारची मालमत्ता, नखाला हात लावायचा नाही, वन खात्याला लगेच कळवायचं. आणि तो उसात निघून गेल्यावर गावानं घेराव घालून मारला तर हे कलम उपयोगी नाही.

पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतही हेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. तिथं कुठल्याही मुलावर हल्ला झालेला नव्हता. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड म्हणजे रास्त भीती नव्हे.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर लगेच पुढचा प्रश्न आला: वेगळे राहणाऱ्या नवऱ्यानं शाळेबाहेरून मुलाला ओढून नेलं तर आईला, मामाला विश्वनाथ निकाल चालेल का?

फौजदारी_शिवाजीनगर

सहजी नाही. त्या निकालात प्रौढ बाईला तिच्या मर्जीविरुद्ध, मारझोड करत ओढलं जात होतं. बाप हा कायद्यानं नैसर्गिक पालक आहे. ताब्याचा आदेश त्याच्याविरुद्ध नसेल तर मुलाला नेणं सहसा अपहरणच ठरत नाही, मग जीव घेण्याचा हक्क कुठून येणार? आदेश आईच्या बाजूनं असला तरी मुलाच्या जिवाला धोका नसेल तर पोलिसांकडे जायला वेळ आहे, कलम ३७ आडवं येतं. तिथं मार्ग कौटुंबिक न्यायालय किंवा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टासमोर हजर करा, अशी मागणी करणारा अर्ज). मामानं हात अडवावा, गाडीचा नंबर घ्यावा, ११२ लावावा. बापानंच मुलाच्या गळ्याला चाकू लावला असेल तर मात्र नातं बघायचं कारण नाही, कलम ३८ त्यालाही तेवढंच लागू आहे.