पावसाळ्यात ताब्यात असलेली जखमी घोरपड खाईना, काय चुकतंय?

खानापूर_सर्पमित्र यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वनखात्याच्या परवानगीने चालणाऱ्या उपचार खोलीत एक घोरपड आहे. विक्रीला नेणाऱ्यांकडून सोडवलेली. मागचे दोन्ही पाय पाठीवर पिळून बारीक तारेने बांधले होते. उजव्या घोट्यात तार रुतून खोल चर पडलाय, पण एक्स-रेत हाड शाबूत दिसतंय. वजन १.४ किलो, शेपटीसकट लांबी साडेतीन फूट. जखम भरून कागदपत्रं पुरी होईपर्यंत सहा ते आठ आठवडे ठेवावी लागेल, असं आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेब म्हणतात.

सध्या ४ बाय २ फुटांचा जाळीचा पिंजरा आहे, खाली भाताचं पिंजर, वर ६० वॅटचा एक बल्ब. उकडलेली अंडी आणि बिनहाडाची कोंबडी ठेवली, पण नऊ दिवसांत तोंड लावलं नाही. तीन दिवसांपूर्वी नळीने कच्चं अंडं पाजलं, ते दुसऱ्या दिवशी ओकून टाकलं. जाळीवर घासून नाकाचा शेंडा सोलवटलाय. आधी जवळ गेलं की फुसकारायची, आता हात लावला तरी डोळे मिटून पडून असते. कुठून सुरुवात करू?

जांभा_चिरा

सर्पमित्र दादा, आधी ती नळी बंद करा. जनावर गार आहे, म्हणून अंडं उलटलं. घोरपडीचं अंग ३५-३६ अंशांवर आलं की मगच तिचं पोट काम करतं. जुलैत बेळगावकडच्या खानापूरच्या खोलीत दिवसासुद्धा २२-२३ अंशच असतात. तेवढ्यात पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं. जखम भरत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. मारकी घोरपड शांत झाली म्हणजे माणसाळली असं समजू नका. बहुतेक वेळा ती थंडीने आणि पाण्यावाचून खचलेली असते.

जागा किमान ८ बाय ४ फूट, उंची ४ फूट हवी. भिंती प्लायवूडच्या किंवा विटांच्या करा, जाळी फक्त वरच्या भागात. खालचे दोन फूट गुळगुळीत आणि अपारदर्शक ठेवले की बाहेरचं दिसत नाही आणि नाक घासणं थांबतं. छत बंद हवं, घोरपड उत्तम चढते.

एका टोकाला ऊन खायची जागा. चिऱ्यांवर शहाबादी फरशी ठेवा आणि तिच्यावर १०० वॅटचे दोन पार-३८ (झोत टाकणारे) हॅलोजन बल्ब शेजारी शेजारी, साधारण ३५-४० सेंटिमीटरवर टांगा. बल्बला जाळीचं टोपण घाला, नाहीतर ती वर चढून त्यालाच चिकटते. दोन बल्ब अशासाठी की एका बल्बचा झोत हाताच्या पंज्याएवढा पडतो. तेवढ्यात साडेतीन फुटांच्या जनावराची पाठ भाजते आणि पाय-शेपूट गारच राहतं. मग अंग गरम होईना म्हणून ती तासन्‌तास तिथंच बसते आणि चट्टे पडतात. फरशीचा पृष्ठभाग ५० ते ५५ अंश हवा. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण ती पंधरा-वीस मिनिटं बसून आपणच बाजूला होते. मोजायला तापमानाची बंदूक वापरा, भिंतीला चिकटवायच्या घड्याळासारख्या तापमापकावर विसंबू नका. दुसऱ्या टोकाला हवा २६ ते २८ अंश. दिवे सकाळी ७ ते संध्याकाळी ७, रात्री बंद. रात्री २२-२३ अंश चालतात. एलईडीत ही ऊब नाही. पोटाखाली ठेवायचे गरम दगड किंवा पॅड अजिबात नकोत.

फरशीखाली दोन चिऱ्यांमध्ये फट ठेवा, इतकीच उंच की आत शिरल्यावर तिची पाठ वर टेकेल. मोठा खोका दिला तर तिला त्यात लपल्यासारखं वाटत नाही, ती कोपरे खरवडत फिरते.

पिंजर काढून टाका, ओलं झालं की बुरशी धरतं. शेंगांची फोलं आणि उसाचं चिपाडही तसंच. जखम उघडी आहे तोवर जुन्या सुती चादरी घालून रोज बदला. खपली धरल्यावर आपल्याकडची तांबडी माती तीन वाटे आणि नदीची वाळू दोन वाटे, दीड फूट जाड. मुठीत दाबली तर लाडू व्हावा, पण पाणी निथळू नये. अथणी-गोकाककडच्या मित्रांनी काळी माती वापरू नये. ती बोटांना चिकटून वाळते, नखांभोवती घट्ट बसते आणि बिळही टिकत नाही.

हुक्केरी_पशुवैद्य

वरचं सगळं बरोबर, फक्त क्रम सांगतो. आधी ऊब, मग पाणी, मग औषध, शेवटी अन्न. नऊ दिवस न खाणं १.४ किलोच्या घोरपडीला झेपतं, पाण्यावाचून राहणं झेपत नाही.

लघवीसोबत येणारा पांढरा भाग बघा. पानाच्या चुन्यासारखा मऊ असेल तर ठीक. पिवळट, खडूसारखा कडक असेल तर अंगात पाणी कमी आहे. अशा जनावराला मांस भरवलं तर युरिक आम्ल मूत्रपिंडात आणि सांध्यांत साठतं. बोटांचे आणि कोपराचे सांधे सुजले की ते मागे फिरवणं अवघड. म्हणून पहिले तीन-चार दिवस रोज ३० अंशांच्या कोमट पाण्यात खांद्यापर्यंत, २०-२५ मिनिटं, समोर माणूस बसवूनच. जखमेवर जलरोधक पट्टी लावा आणि बाहेर काढल्यावर ती बदला. सलाईन द्यावं लागलं तर दिवसाला वजनाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे तुमच्या घोरपडीला २८ ते ४२ मिली, तेही कोमट आणि पशुवैद्याच्या हातूनच.

जखम सलाईनने धुवा. पोव्हिडोन आयोडिन चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ करून वापरा, गडद वापरलं तर नवीन मांस जळतं. तारेचा तुकडा आत राहिलाय का ते भिंगातून पाहा. घोट्याखालची बोटं रोज तपासा. काळी, गार, सुकलेली दिसली तर रक्त पोचत नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कातीचा वाळलेला दोरा बोटाच्या टोकाशी गुंडाळून राहिला तरी हेच होतं. तो ओल्या कापडात दहा मिनिटं भिजवून सोलायचा, ओढायचा नाही.

आपल्या पशुवैद्याला या गोष्टी जरूर सांगा. अंगात पाणी कमी असताना जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही जंतुनाशकं दिली तर मूत्रपिंड जातात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही अंगातलं पाणी भरून आल्यावरच. एनरोफ्लॉक्सासिन या जंतुनाशकाची सुई जिथं टोचतो तिथलं मांस मरतं. सेफ्टाझिडीम हे जंतुनाशक सरपटणाऱ्यांना दर ७२ तासांनी दिलं जातं, त्यामुळे धरपकडही कमी होते. सुई पुढच्या पायात द्यायची. गायी-म्हशींचा डोस वजनाने भागून देणं इथं चालत नाही.

गोचिड्या शोधा. नाकपुडीची तिरकी फट, काखा, जांघा, शेपटीच्या बुडाशी मलद्वाराची कड. चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ वर ओढायच्या. रॉकेल, तंबाखूचं पाणी, गुरांचं गोचीड औषध यांतलं काहीही नको.

कणकुंबी_रान

अन्नाबद्दल थोडं सविस्तर, कारण खाऊ घालणारे बहुतेक सगळे इथंच चुकतात.

बिनहाडाच्या कोंबडीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. आठवडेच्या आठवडे तेच दिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. आधी बोटं थरथरतात, मग खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, मग पाठीचा कणा वाकतो. रानात घोरपड भुंगे, नाकतोडे, खेकडे, गोगलगायी, उंदीर, पक्ष्यांची अंडी असं हाडा-कवचासकट खाते. तसंच द्या. मध्यम आकाराचे नाकतोडे आणि रातकिडे, भातखाचरातले खेकडे नांग्या मोडून, हॅचरीतून एक दिवसाची कोंबडीची पिल्लं (मारून, पिवळा बलक काढून), आणि कधीतरी पांढरा उंदीर. किड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरवा. अंडं पंधरा दिवसांतून एखादंच. उंदीर-अंडी रोज दिली तर सुस्त बसून असलेल्या घोरपडीच्या पोटात चरबीचे गोळे होतात.

पहिलं अन्न अगदी थोडं, पाच-सहा नाकतोडे, सकाळी १० वाजता, म्हणजे पचवायला पुढे आठ-नऊ तास ऊब मिळते. लाईट गेलेल्या दिवशी खायला घालू नका. ओकली नाही तर दोन दिवसांनी वजनाच्या ३ टक्के, साधारण ४० ग्रॅम, मग आठवड्यातून तीनदा. दर रविवारी वजन लिहा. ओळीने दोन आठवडे घटलं तर विष्ठेचा नमुना तपासायला द्या.

आता खरी भीती. उसाच्या आणि सोयाबीनच्या फडातले नाकतोडे नकोत, फवारणीचं औषध त्यांच्या अंगात असतं. घरात किंवा शेतात मेलेला उंदीर तर कधीच नको. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष खाऊन मेलेल्या उंदराच्या पोटातली पूड घोरपडीच्या पोटात जाते. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या विषाने मेलेला असेल तर आतल्या आत रक्तस्राव होऊन घोरपड दगावू शकते, आणि कशाने गेली ते कुणाला कळत नाही. किडे गवताळ माळावरून, तेही दोन-तीन दिवस गवतावर जिवंत ठेवून मगच द्या. मरतुकडे निघाले तर ती सगळी खेप फेका.

खानापूर_सर्पमित्र

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. दिवसातून चार-पाच तास लाईट जाते, इन्व्हर्टरवर भागेल का? आणि यूव्हीबी (कॅल्शियम अंगी लागायला हव्या असलेल्या अतिनील) किरणांची ट्यूब घ्यावीच लागते का, बाहेर ऊन दिलं तर?

जांभा_चिरा

१२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, हातात येतात हजार-अकराशे. दोन हॅलोजनचे २०० वॅट धरले तर पाच तास निघतात, पण त्यावर पंखा-फ्रिज नको. पेटीला बाहेरून थर्माकोल लावा, खाली-वर दोन झडपा ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते. लाईट गेली की फरशी तासभर तरी ऊब धरते, आधी ती वापरू द्या.

ऊन मिळत असेल तर ट्यूबपेक्षा चांगलं. अर्धा-पाऊण तास, अर्धी जागा सावलीत, पाणी जवळ. काचेच्या पेटीत उन्हात ठेवणं म्हणजे भट्टी, वर काच हवे ते यूव्हीबी किरणही अडवते. पण जुलैत खानापूरला आठवडाभर ऊन दिसत नाही, म्हणून यूव्हीबीची टी-५ (बारीक आकाराची) ट्यूब घ्याच. बारीक जाळीवरून लावली तर तिसरा हिस्सा किरण जाळीतच अडतात. वर्षभराने बदला, उजेड दिसत असला तरी.

निपाणीचा_वाचक

आमच्या शेतात पिल्लू सापडलंय. ही माहिती वापरून घरी वाढवता येईल का?

हुक्केरी_पशुवैद्य

नाही. घोरपड, कन्नडमध्ये उड, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बाळगली तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पिल्लाला लागलं नसेल तर जिथं दिसलं तिथंच राहू द्या, लागलं असेल तर वनखात्याला कळवा. सवाना मॉनिटर ही परदेशी घोरपड ज्यांच्याकडे आहे त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली हवी, २०२४ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे.

सर्पमित्र, तुमची मादी असू शकते. हे दिवस अंड्यांचे आहेत. पोट जड, खाणं बंद आणि कोपऱ्यात सतत उकरणं, असं तिन्ही दिसलं तर दोन फूट खोल ओलसर, २८-३० अंशांची माती लगेच द्या. जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि त्यातच जाते. पोट दाबून बघू नका, एक्स-रे काढा.

कणकुंबी_रान

हाताळताना एक हात मानेमागे, दुसरा मागच्या मांड्यांवर, शेपूट काखेत. पालीसारखी तिची शेपूट तुटून परत येत नाही. चावली तर ओढू नका, सुटेपर्यंत धीर धरा, मग पंधरा मिनिटं साबणाने धुऊन धनुर्वाताची सुई घ्या. पाण्याचं टब रोज घासा, ती त्यातच घाण करते. ती बादली आणि ब्रश स्वयंपाकघराकडे नेऊ नका, साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू माणसाला लागतो.

सोडायच्या आधी सलग तीन आठवडे वजन वाढतं असावं, दोन्ही मागच्या पायांनी ती खडबडीत खोडावर चढावी आणि तुम्हाला बघून पळावी. जिथून धरली तो भाग कागदावर असेल तर तिथंच, नसेल तर जिथं सोडवली त्याच तालुक्यात, वस्तीपासून लांब, बिळं-कपारी असलेल्या ओढ्याकाठी. उघडीपीचा दिवस बघा, वेळ सकाळी ११ च्या सुमाराची, फरशीवर तासभर तापवून. आदल्या दिवशी खायला घालू नका.