मदत हवी आहे: ईव्ह ऑनलाइनमध्ये सुरुवात कशी करावी?

मंडळी, इथे कोणी ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम खेळतं का? फुकटच्या अल्फा खात्यावर नुकतंच सुरू केलंय, खेळ मनापासून आवडलाय. सध्या व्हेंचर हे खाणकामाचं छोटं जहाज घेऊन हाय-सेकमध्ये, म्हणजे जास्त सुरक्षित भागात, खाणकाम चालू आहे. आपण ऑफलाइन असतानाही स्किल वाढत राहतात, म्हणून कामावर निघण्याआधी शिकायच्या स्किलची रांग लावून ठेवतो. पण आधी खाणकामाची घ्यावीत की जहाज तगवणारी?

दुसरं, जिताला, म्हणजे खेळातल्या सर्वात मोठ्या बाजारपेठेत, माल न्यायची धास्ती वाटते. ऑटोपायलट जहाजाला गेटपासून (एका सूर्यमालेतून दुसरीत नेणारं दार) लांब उतरवतो आणि मग हळूहळू सरकवतो, तेवढ्यात कोणीही गाठू शकतं. कॉनकॉर्ड, म्हणजे खेळातले पोलीस, येतात ते हल्ला झाल्यावरच. मग प्रत्येक गेट हातानेच पार करायचं का?

आणि मुख्य म्हणजे, भारतीय वेळेनुसार रात्री खेळणारी, नवख्यांना सांभाळून घेणारी कॉर्पोरेशन (खेळाडूंचा गट) माहीत असेल तर कृपया सांगा.