पखवाजाला दोन माईक लावले म्हणजे मुद्रण स्टिरिओ झाले का?

प्रश्न (कुडाळहून)
आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी घरच्या ओटीवर करीत आहे. दोन माईक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र) आणि लॅपटॉप एवढीच सामग्री आहे. बुवांचा आवाज एका माईकने घेताना ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे डावी-उजवी अशा दोन बाजूंचा, ठेवला होता, तर हेडफोनमध्ये तो केवळ डाव्या कानात ऐकू आला. पखवाजाच्या दोन्ही पुड्यांसमोर एकेक माईक ठेवून मुद्रण केले, तेव्हा शाईच्या पुडीचे बोल एका बाजूला आणि कणीक लावलेल्या पुडीचे दुसऱ्या बाजूला इतके दूर गेले की, एकच वादक मांडवाच्या दोन टोकांना बसला आहे असे वाटते. तेच मुद्रण देवळातील भोंग्यावर लावल्यावर पखवाज पार पोकळ झाला. कोणता ध्वनी मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा, घ्यावा आणि कोणता स्टिरिओ, हे कसे ठरवावे?

उत्तर (रत्नागिरीहून)
बुवांच्या आवाजापुरते सांगतो. स्टिरिओ ट्रॅकमध्ये पहिले इनपुट डावीकडे आणि दुसरे उजवीकडे जाते. दुसऱ्यात काहीच जोडलेले नसल्यामुळे उजवा कान रिकामा राहिला. त्यांना पुन्हा गायला लावू नका. डावी बाजू वेगळी काढून तिचा मोनो ट्रॅक करा आणि पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारे बटण) मध्यावर ठेवा. एका माईकने घेतलेला आवाज दोन्ही बाजूंना तोच तो साठवल्याने रुंद होत नाही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या फाईलला मिनिटामागे सुमारे ५ एमबीऐवजी १० एमबी जागा मात्र लागते.

उत्तर (सावंतवाडीहून)
माईक दोन असणे आणि मुद्रण स्टिरिओ असणे या भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लमलाईन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये स्टिरिओच्या ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे मूळ आपल्या दोन कानांतच आहे: बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने आणि किंचित मंद पोहोचतो, व त्या फरकावरून आपल्याला दिशा कळते. स्टिरिओमध्ये दोन्ही माईक एकच बैठक ऐकतात. तुमचे माईक दोन वेगळ्या पुड्या अगदी जवळून ऐकत आहेत. म्हणून ते दोन मोनो ट्रॅक समजा आणि मध्यापासून थोडेसेच बाजूला करा.

भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजू एकत्र मिसळतो आणि तिथेच पोकळपणा येतो. कणकेच्या पुडीवर थाप पडली की ती आत दबते आणि आतली हवा शाईची पुडी बाहेर ढकलते. एका माईकवर दाब कमी होतो त्याच क्षणी दुसऱ्यावर तो वाढतो, आणि बेरजेत दोन्हींचा खर्ज एकमेकांना खातो. एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही मोनोमध्ये ऐका व ज्या स्थितीत घुमारा भरतो ती ठेवा. भोंगा मुळातच खर्ज फारसा देत नाही, तेव्हा ही पारख हेडफोनवर करावी.

स्टिरिओ घ्यायचा तो कोरस आणि टाळकऱ्यांचा. एकाच बनावटीचे दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) माईक, तोंडे एकावर एक येतील असे, ९० अंशांच्या कोनात लावा. आवाज दोघांकडे एकाच वेळी पोहोचत असल्याने मोनोतही काही हरवत नाही. माईक दूरदूर ठेवले आणि अंतरात ३४ सेंटिमीटरांचा फरक पडला, तर एक माईक मिलिसेकंदभर मागे राहतो आणि मोनोत ५०० हर्ट्झजवळचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मी अशी ९० अंशांची जोडी पावसाळ्यात पडवीत लावली होती. पन्हळीपासून दारापर्यंतच्या पागोळ्या डावीकडून उजवीकडे आपापल्या जागी पडताना ऐकू येत होत्या.

प्रश्नकर्ता (कुडाळहून)
शाईच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटल्याबरोबर कणकेचा घुमारा परत आला. इंटरफेसला दोनच माईक लागतात, म्हणून बुवा आणि पखवाज यांच्या झालेल्या मुद्रणावर रविवारी कोरस वेगळा घेईन. टाळकऱ्यांना कुठे बसवावे?

उत्तर (वेंगुर्ल्याहून)
कोरस अर्धवर्तुळात, माईकपासून दीड-दोन मीटरांवर बसवा आणि टाळकरी त्यांच्या मागे. टाळाची धार पुढे आली की शब्द झाकतात. सगळ्यांना बुवांचा आवाज हेडफोनमध्येच ऐकवा, स्पीकरवर नको, नाहीतर तो दोन्ही माईकमध्ये पुन्हा शिरेल.